वादळाच्या बातमीवरून डिझेलचे नियोजन कसे करावे

अरबी समुद्रातील चक्रीवादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. नेमके तेव्हाच खानदेशात कापसाची पेरणी, तसेच मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या हंगामी लागवडींची तयारी चाललेली असल्याने डिझेलची गरज वाढते. म्हणून बातमी ऐकताच पंपाकडे धाव घेण्याऐवजी ती नीट पारखावी.

वादळामुळे नेमके काय बंद पडले, हे प्रथम पाहावे. 2005 मध्ये कॅटरिना आणि रिटा या वादळांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरी आणि रिफायनऱ्या दोन्ही ठप्प केल्या, तेव्हा कच्चे तेल पिंपामागे 70 डॉलरच्या वर गेले. 2017 च्या हार्वे वादळात मात्र प्रामुख्याने ह्यूस्टन परिसरातील रिफायनऱ्या बंद पडल्या. कच्च्या तेलाला गिऱ्हाईक कमी झाले म्हणून त्याचा भाव उतरला आणि तयार पेट्रोल मात्र महागले. विहीर बंद पडणे आणि रिफायनरी बंद पडणे यांचे परिणाम असे वेगळे असतात, त्यामुळे केवळ कच्च्या तेलाचा भाव पाहून अंदाज बांधू नये.

अमेरिकेतील वादळाचा परिणाम जळगावच्या पंपावर दुसऱ्याच दिवशी दिसेल, असे मानण्याचे कारण नाही. 16 जून 2017 पासून पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहा वाजता बदलण्याची पद्धत आहे; तरीही तेल कंपन्यांनी ते महिनोन्महिने स्थिर ठेवल्याचे आपण पाहिले आहे. शिवाय कर आणि रुपया-डॉलरचा दर यांचाही किमतीत मोठा वाटा असतो.

जवळच्या वादळाने भावापेक्षा पुरवठ्याची चिंता अधिक वाटावी. जून 2023 मध्ये बिपरजॉय गुजरातच्या जखाऊजवळ किनाऱ्यावर आले, त्या वेळी कांडला आणि मुंद्रा बंदरांतील कामकाज थांबवावे लागले. आपल्याकडे मात्र मुंबईहून नळवाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडीला आलेले इंधन टँकरने येत असल्याने, ‘बंदर चालू आहे का?’ याहून ‘पानेवाडीत टँकर भरले जात आहेत का?’ हा प्रश्न पंपचालकाला विचारणे माझ्या मते अधिक उपयोगी ठरते. जानेवारी 2024 मधील ट्रक आणि टँकरचालकांच्या संपात देशात इंधन असूनही पंपांवर रांगा लागल्या होत्या.

हवामान विभागाने इशारा देताच ट्रॅक्टरच्या आठवड्याभराच्या कामाचा हिशेब करून तेवढेच डिझेल घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या, स्वच्छ पिंपात घरापासून दूर ठेवावे. पेट्रोल घरात साठवणे धोक्याचे आहे, ते टाळावे. रावेर-यावलहून उत्तरेकडे केळी पाठवणाऱ्यांनी भाडे ठरवतानाच त्या दिवसाचा डिझेलदर करारात लिहून घ्यावा आणि तो किती रुपयांनी हलल्यास भाडे किती बदलेल, हेही आधीच ठरवावे.