'हटके' व्हिडिओ करताना या चुका टाळा

अंधेरी पश्चिमेला, आरामनगरपासून फार दूर नसलेल्या माझ्या संकलनाच्या खोलीत गेली सोळा वर्षे गाण्यांचे व्हिडिओ येत आहेत, आणि 'आपल्याला काहीतरी हटके करायचे आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कोणत्या क्षणी येणार हे मला आधीच कळते. त्या इच्छेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेळेला, कारण हे वाक्य बहुधा चित्रीकरण आटोपल्यावर, हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवताना उच्चारले जाते. विचित्र दिसणाऱ्या व्हिडिओला साध्या व्हिडिओपेक्षा अधिक शिस्त लागते, आणि ती शिस्त संकलनात मागाहून भरता येत नाही. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांपैकी दोन मला विशेष छळतात, म्हणून त्यांच्यावर अधिक लिहिले आहे.

गाणे ऐकण्याआधी सुचलेली कल्पना

नवखे दिग्दर्शक मला मूडबोर्ड, म्हणजे व्हिडिओ कसा दिसावा हे सांगणाऱ्या चित्रांचा फलक, दाखवतात. त्यात धूर असतो, आरसे असतात, गुलाबी-निळा प्रकाश असतो, पाण्याखाली उघडलेले डोळे असतात. ही चित्रे कोणत्या गाण्यासाठी आहेत असे विचारले, तर उत्तर मिळते की गाण्याचे मिक्सिंग अजून चालू आहे. म्हणजे कल्पना कोणत्याही गाण्याला चालेल अशी आहे, आणि जी कोणत्याही गाण्याला चालते ती या गाण्याला शोभण्याची शक्यता फारच कमी असते.

दिग्दर्शक मिशेल गोंद्री यांनी १९९७ साली डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड' या गाण्यासाठी केलेला व्हिडिओ पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेडगळ वाटतो, कारण तिथे यंत्रमानव, सांगाडे, कापडात गुंडाळलेल्या ममी, खेळाडू आणि जलतरणाच्या वेशातल्या मुली एका गोल मंचावर नाचत आहेत. मात्र त्यातला प्रत्येक गट एकेका वाद्याला किंवा आवाजाला बांधलेला आहे. गिटार वाजते तेव्हा सांगाडे हलतात, ड्रम मशीनच्या ठेक्यावर ममी चालतात, बेसबरोबर खेळाडू पायऱ्या चढतात आणि उतरतात. हा नियम प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, तरी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात तो त्याच्या अंगात भिनतो आणि डोळ्यांना गाण्याचा सांगाडा दिसू लागतो. वेडगळपणा पोशाखात आहे, रचनेत नाही.

माझी स्वतःची सवय अगदी गावठी आहे. गाण्याचे स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याचे आणि आवाजाचे वेगळे ट्रॅक, मी आधी मागून घेते आणि ते मोबाइलमध्ये टाकून अंधेरी ते चर्चगेट धीम्या लोकलने जाऊन परत येते. त्या वेळात फक्त कोणते वाद्य कोणत्या सेकंदाला आत येते आणि कुठे थांबते, एवढेच वहीत लिहायचे. त्यानंतरच मूडबोर्ड उघडायचा. घाईतल्या मंडळींना हे हास्यास्पद वाटते. 'ताई, सॉफ्टवेअर बीट आपोआप शोधते' असे मला दोनदा ऐकवण्यात आले आहे. सॉफ्टवेअर ठोका शोधते हे खरे, पण बासरी दुसऱ्या कडव्यात मुद्दाम गप्प बसली आहे हे ते कुणाला सांगत नाही.

उलटे चित्रीकरण आणि 'लऊपा'

आता माझी सर्वांत लाडकी, म्हणजे सर्वाधिक झोप खाल्लेली चूक. जग उलटे चालते आहे आणि गायक मात्र सरळ गातो आहे, ही युक्ती नवख्यांना फार आवडते, कारण ती स्वस्त दिसते. गायकाने उलटे चालायचे, ओठांनी उलटे शब्द म्हणायचे आणि मग चित्र उलटवायचे, एवढाच तिचा हिशेब आहे असे वाटते. 'द सायंटिस्ट' या २००२ सालच्या व्हिडिओसाठी कोल्डप्ले या बँडचा गायक ख्रिस मार्टिन ते गाणे उलट्या क्रमाने म्हणायला शिकला आणि त्या तयारीला त्याला सुमारे एक महिना लागला, ही गोष्ट सांगितली की समोरचा मान डोलावतो आणि चित्रीकरण पुढच्या रविवारी आहे असे सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण चमू माझ्याकडे असेच फुटेज घेऊन आला. दादर पश्चिमेच्या फुलबाजारात, पहाटे चार वाजल्यापासून उजाडेपर्यंत त्यांनी तीन दिवस चित्रीकरण केले होते. गाणे मराठी होते आणि गाव सोडून आलेल्या माणसाबद्दल होते, त्यामुळे सगळे शहर मागे जात असताना तो एकटा पुढे चालतो ही कल्पना गाण्यातूनच उगवलेली होती, हे मी मोकळेपणाने मान्य करते. चित्रेही सुरेख होती. पाटीतून सांडलेल्या झेंडूच्या पाकळ्या जमिनीवरून उठून पाटीत परत शिरत होत्या, चहाच्या पेल्यातला चहा किटलीत चढत होता, हमाल पाठीमागे पावले टाकत गर्दीत अदृश्य होत होते. पहिली पाच मिनिटे मी खूष होते. नंतर गायकाचा जवळचा शॉट आला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण त्याचे ओठ गाण्यातले शब्द सोडून भलतेच काहीतरी म्हणत होते.

ध्रुवपदात 'पाऊल' हा शब्द चार वेळा येत होता. तुम्ही हा शब्द उलटा कसा म्हटलात असे मी विचारले. सहायक दिग्दर्शकाने अभिमानाने कागद पुढे केला. त्यावर सगळे गाणे अक्षरांच्या उलट्या क्रमाने लिहिलेले होते, आणि 'पाऊल'च्या जागी 'लऊपा' होते. त्या गरीब गायकाने आठ दिवस हेच पाठ केले होते.

इथे आपली लिपीच आपल्याला फसवते. देवनागरीत 'पा' हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण कानाला ते दोन ध्वनी आहेत. आधी मिटलेले ओठ उघडून 'प्' आणि मग 'आ'. ध्वनी उलटवले की 'पाऊल'चे 'लुआप्' होते आणि ओठ सर्वांत शेवटी मिटतात. 'लऊपा' म्हणताना ते 'आ'च्या आधी मिटतात, त्यामुळे चित्र उलटवल्यावर पडद्यावर 'आपुअल' असे काहीतरी दिसते. 'मन'चे 'नम' जमते, कारण तिथे नशिबाने अक्षरे आणि ध्वनी जुळतात, आणि नेमके तेवढे एक उदाहरण करून पाहून त्यांनी पद्धत ठरवली होती. प्रेक्षकाला ओठ वाचता येत नाहीत, हा या मंडळींचा युक्तिवाद असतो. वाक्ये वाचता येत नसतील, पण 'प', 'ब', 'भ', 'म' या ओष्ठ्य ध्वनींना ओठ मिटले नाहीत तर ते शेंबड्या पोरालाही कळते.

पुन्हा चित्रीकरण करायला निर्मात्याकडे पैसे नव्हते. नऊ रात्री मी ओठ लपवत बसले. गायकाची पाठ, चप्पल, हारवाल्याची बोटे, गर्दीत एका क्षणाला झाकले जाणारे तोंड, जे मिळेल ते वापरले. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात शेवटी गायकाचा चेहरा गाताना जेमतेम वीस सेकंद दिसला, आणि 'गायक एवढा कमी का दिसतो' असे त्याच्या आईने मला फोनवर विचारले. तिला काय उत्तर द्यावे हे मला आजही सुचलेले नाही.

तेव्हापासून असे काम आले की मी आधी गायकाच्या आवाजाचा कोरडा ट्रॅक मागते, म्हणजे ज्याच्यावर घुमारा चढवलेला नाही असा. घुमारा असलेला आवाज उलटवला तर शब्दाची शेपूट शब्दाच्या आधी येते आणि शिकणारा गोंधळतो. तो ट्रॅक उलटवून, ओळीओळीने तोडून, कानाला जे ऐकू येते ते देवनागरीत उतरवायचे. मूळ कवितेकडे त्या वेळी पाहायचेसुद्धा नाही. मग प-वर्गातल्या प्रत्येक ध्वनीभोवती लाल पेनाने गोल करायचा. गायकाने घरी मोबाइलवर स्वतःला चित्रित करून ते उलटवायचे, मूळ गाण्याबरोबर लावायचे आणि फक्त लाल गोलांच्या ठिकाणी ओठ मिटतात का एवढे तपासायचे. सेटवर वाजवायच्या उलट्या ट्रॅकला सुरुवातीची मोजणी नव्याने जोडावी लागते, कारण मूळ मोजणी आता शेवटी गेलेली असते. हे विसरल्यामुळे पहिला तास वाया गेलेले किमान तीन चमू मला माहीत आहेत. हे सर्व करायला पंधरा दिवस नसतील, तर गायकाचे तोंड दाखवू नये. न गाणारा गायकही हटकेच असतो.

जी चाकोरी ठाऊक नाही ती मोडायला निघणे

अभंगाच्या व्हिडिओत वारी, टाळ, बुक्का, तुळशीवृंदावन आणि मंद गतीने उडणारा पदर असतो. कोळीगीतात होडी, जाळे आणि कमरेवर हात असतो. रॅपमध्ये गल्ली, खालून लावलेला कॅमेरा, मागे उभी मित्रमंडळी आणि भिंतीवरचे रंग असतात. या चाकोऱ्यांचा कंटाळा मलाही आला आहे. परंतु अभंगात निऑन दिवे लावले म्हणजे संकेत मोडला असे मानणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते, की तो संकेत मुळात तिथे कशासाठी होता. चालणारे पाय अभंगात येतात ते पंढरपूर दाखवण्यापुरते नाहीत. टाळाच्या ठेक्याचे वजन पावलात दिसते, म्हणून येतात. ते पाय काढून टाकले आणि त्या वजनासाठी दुसरे काही ठेवले नाही, तर निऑनखाली गाणे तरंगत राहते. याउलट तोच ठेका रात्री दोन वाजता लोकलच्या कारशेडमध्ये डबे धुणाऱ्या हातांत सापडला, तर वारीची एकही चौकट न दाखवता अभंग उभा राहील. असा व्हिडिओ अजून माझ्याकडे आलेला नाही, आणि कुणी आणला तर मी पैसे कमी घेईन.

रॅपवाल्यांनी या बाबतीत बरेच चांगले धडे दिले आहेत. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली 'आफत' हे गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि व्हिडिओही आयपॅडवरच चित्रित केला. त्यातला ओबडधोबडपणा आज अनेकजण महागड्या कॅमेऱ्याने, ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्राचे रंग ठरवताना, खोटे दाणे टाकून नक्कल करतात, आणि तो ओबडधोबडपणा हाताशी असलेल्या साधनातून आला होता हे विसरतात. हनुमानकाइंडच्या 'बिग डॉग्ज'मध्ये २०२४ साली दिग्दर्शक बिजॉय शेट्टी यांनी रॅपच्या व्हिडिओतली सर्वांत घासून गुळगुळीत झालेली वस्तू, म्हणजे मोटारगाडी, अजिबात टाकून दिली नाही. त्यांनी ती जत्रेतल्या मौत का कुआँच्या उभ्या भिंतीवर चढवली. गाडी तीच, मिजास तीच, गायकाने थेट कॅमेऱ्यात पाहणेही तेच. फक्त जागा बदलली, आणि त्यामुळे ती मिजास प्रथमच खरोखर धोक्याची वाटली. एक संकेत हलवायचा असेल तर बाकीचे जागच्या जागी लागतात, नाहीतर काय हलले हे पाहणाऱ्याला समजायला आधारच उरत नाही. माझ्याकडे येणारे फुटेज बहुतेकदा सगळेच एकदम हलवलेले असते.

लावणीचे 'आधुनिक रूप' करणाऱ्यांबद्दल मी लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही, म्हणून एवढेच सांगते की लावणीत नर्तकी समोरच्या बैठकीकडे पाहून बोलते, आणि कॅमेरा त्या बैठकीत कुठे बसला आहे हे ठरवल्याशिवाय कपडे बदलून काही होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मंद गतीत गायक दाखवायचा असेल तर सेकंदाला ५० फ्रेमने चित्रित करून २५ने दाखवताना सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते. मूळ वेगाने वाजवून चित्रीकरण केलेले लोक दर महिन्याला एक तरी येतात, आणि 'जुळवून घ्या ना' असे म्हणतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चाळीच्या जिन्यात किंवा इराण्याच्या हॉटेलात ६० फ्रेमने चित्रण केले की पट्टे येतात. कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवावे आणि हौसेचे पट्टे मुद्दाम हवे असतील तेव्हाच घ्यावेत.

प्रत्येक ठोक्यावर कट मारू नये. हे मी स्वतः पहिली चार वर्षे केले आहे.

लोकलच्या डब्यात किंवा फलाटावर चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते, आणि 'मोबाइलवर पटकन उरकू' म्हणणाऱ्यांचे फुटेज निम्म्यातच तुटलेले असते, कारण तिथे कुणीतरी येऊन थांबवलेले असते. ड्रोनबद्दल तर विचारूच नये.

यंत्राकडून चित्रे तयार करून घेणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही. रेडिओहेड या बँडच्या 'हाउस ऑफ कार्ड्स'चा व्हिडिओ २००८ साली कॅमेऱ्याशिवाय, लेझरने मोजलेल्या बिंदूंतून तयार झाला होता, आणि गायकाचा चेहरा त्या बिंदूंत विस्कटतो तेव्हा विस्कटणाऱ्या नात्याचे ते गाणेही तिथेच पोहोचते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी मात्र पहिल्या प्रयत्नात जे आले तेच ठेवलेले असते, आणि तिसऱ्या शॉटमध्ये नायिकेच्या हाताला सहा बोटे असतात.

उभ्या चौकटीतली आवृत्ती हवी असेल तर ते चित्रीकरणाच्या आधी सांगावे. आडव्या चौकटीत दोन टोकांना उभे केलेले प्रेमी उभ्या चौकटीत एकत्र बसत नाहीत. कुणाला ठेवायचे हे मला विचारले जाते, आणि मी नेहमी ज्याचे पाय पूर्ण दिसतात त्याला ठेवते.