नगराध्यक्षांवर टीकेचं पत्रक काढताना

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, गाव कुठलंही असो, नगराध्यक्षांवर लोक चिडलेले असले की कार्यकर्ते पत्रकात राग ओततात. पण राग मतदाराकडे आधीच असतो. त्याला हवा असतो पुरावा.

पुराव्याची तयारी लवकर करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची. आचारसंहिता लागल्यावर अर्ज केलात तर कागद मतदानानंतर हाती येण्याची भीती. ठरावाची प्रत, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला आदेश) आणि शेवटचं देयक, तिन्ही मागा. नुसत्या ठरावावरून ‘पैसे खाल्ले’ लिहू नका; ठराव म्हणजे खर्च नव्हे, आणि समोरचा पक्ष नेमकं हेच दाखवून तुमचं पत्रक खोटं पाडतो.

एका पत्रकात एकच विषय. पाणी घेतलंत तर प्रभाग, किती दिवसांआड, किती वेळ, एवढं लिहा. शेजारी त्यांच्याच जाहीरनाम्यातलं वाक्य जसंच्या तसं छापा. त्याहून बोचरी टीका नाही. घरच्या माणसांवर, जातीवर, खाजगी आयुष्यावर एक शब्दही नको; तो आचारसंहितेचा भंग आहे, शिवाय सहानुभूती त्यांनाच मिळते.

ए-फाइव्ह आकार पुरे. अक्कलकोटला मागची बाजू कन्नडमध्ये घ्या. युनिकोडचा मजकूर छापखान्यात श्रीलिपी या जुन्या फाँट-प्रणालीत नेताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ कागदावरच वाचा. तळाला मुद्रक-प्रकाशकाचं नाव, पत्ता, प्रतींची संख्या हवीच. छपाईचं बिल उमेदवाराच्या खर्चात त्याच दिवशी नोंदवा.