सिगारेट सोडताना तलफ आली की काय करायचं

तलफ आली ना की ती आता जाणारच नाही असं वाटतं, पण बहुतेक वेळा ५-१० मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ फक्त काढायचा, जागा सोडा, पाणी प्या, चालायला लागा. पहिले २-३ दिवस सगळ्यात जड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही, नंतर हळूहळू कमी होतं. कॉफी पण जरा कमी करा, सिगारेट बंद झाली की कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि बेचैनी वाढते.

निकोटीन गम घेणार असाल तर सतत चघळू नका, थोडं चावून गालात धरून ठेवायचं. निकोटीनचा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी), औषधं डॉक्टरांना विचारूनच.

आणि प्लीज एकट्याने नका करू, एका जवळच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की तलफ आली की फोन करेन, लेक्चर देऊ नकोस, फक्त बोलत राहा.