जपान खरंच रोबोटांचा देश आहे का? दावा असा तपासा

‘रोबोटमध्ये जपान पुढे’ या दाव्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात: रोबोट वापरतं कोण, बनवतं कोण आणि नवं काढतं कोण. ते सुटे करा, मगच आकड्यांना हात घाला.

वापराचं उत्तर लवकर मिळतं. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाचा अहवाल साधारण सप्टेंबरात येतो. पूर्ण अहवाल महाग असतो, पण फुकटच्या प्रसिद्धिपत्रकावर काम भागतं. २०२३ मध्ये जगात सुमारे ५,४१,००० औद्योगिक रोबोट बसले. त्यांपैकी २,७६,००० चीनमध्ये, जपानमध्ये जेमतेम ४६,०००. त्याच वर्षी कारखान्यातल्या दर १०,००० कामगारांमागे दक्षिण कोरियात १,०१२ रोबोट, जपानमध्ये ४१९.

हा दुसरा, कामगारांमागचा आकडा (याला घनता म्हणतात) जपून वापरा. २०,००० कामगारांमागे १,००० रोबोट म्हणजे घनता ५००. कामगार १६,००० वर आले की एकही रोबोट न घेता ती ६२५ होते! आणि १९७०-८० च्या दशकांतले आलेख सरळ बाजूला ठेवा. जपानची उद्योग संघटना तेव्हा हाताने चालवायची आणि ठरावीक क्रमाने चालणारी यंत्रंही रोबोटांत धरायची. अमेरिकेत ती धरत नसत.

‘बनवतं कोण’ हे कळायला रोबोटच्या हातावरची नेमप्लेट वाचा: फानुक, यास्कावा, कावासाकी या जपानी कंपन्या. तेवढ्यावर थांबू नका, सांध्यातला गिअर कोणाचा तेही विचारा. छोट्या सांध्यात बहुधा हार्मोनिक ड्राइव्ह असतो. मध्ये लंबगोल चकती, तिच्यावर पातळ, लवचिक दातेरी वाटी, बाहेर कडक दातेरी रिंग. वाटीला २०० दाते आणि रिंगला २०२ असतील, तर मोटरच्या १०० फेऱ्यांत सांधा एक फेरा घेतो आणि दात्यांत ‘प्ले’, म्हणजे ढिलाई, जवळपास राहत नाही. प्ले असला की सांध्यातली बारीकशी चूक लांब हाताच्या टोकाशी वाढते आणि वेल्ड भलतीकडे पडतो. नक्कल करणारे वाटीपाशी अडकतात: पोलाद किंवा हीट ट्रीटमेंट बिघडली, तर सतत वाकून वाकून ती तडकते. जपानचा खरा दरारा या भागांत आहे, मोठ्या सांध्यांत नॅबटेस्को या जपानी कंपनीचा. चिनी कंपन्या आता इथेही शिरल्या आहेत.

‘नवं काढतं कोण’ यावर मात्र लोक हमखास घसरतात. हार्मोनिक ड्राइव्ह अमेरिकन शोध. कावासाकीने १९६९ मध्ये बनवलेला जपानमधला पहिला औद्योगिक रोबोटही अमेरिकन परवान्यावरचा. वासेदा विद्यापीठाचा १९७३ चा मानवाकृती वाबोट-१ हे अस्सल जपानी काम.

व्हिडिओतल्या रोबोटबद्दल तीन गोष्टी विचारा: पैसे कोण देतं, किती विकले, पाच वर्षांनी काय झालं? सॉफ्टबँक या जपानी कंपनीचा ‘पेपर’ हा मानवाकृती रोबोट २०१४ मध्ये आला, २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. नागासाकीच्या रोबोट हॉटेलने २०१९ मध्ये २४३ पैकी निम्म्याहून जास्त रोबोट काढले. खोलीतली बाहुली घोरण्याला हुकूम समजून पाहुण्यांना उठवत होती.

शेवटी, संकटात काय वापरलं ते बघा. फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्टी इमारतींत एप्रिल २०११ मध्ये आधी अमेरिकन पॅकबॉट शिरले. जपानी क्विन्स जूनमध्ये आला. ऑक्टोबरमध्ये केबल अडकून संपर्क तुटला आणि तो आतच राहिला.