बायपोलर आणि झोप: या चुका टाळा

‘तीनच तास झोपलो, तरी एकदम फ्रेश!’ हे ऐकून घरचे खूश होतात. बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार, असलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. झोप न येणं वेगळं, झोपेची गरजच न वाटणं वेगळं. निद्रानाशाचा माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. मेनियाच्या (त्या अति उत्साहाच्या झटक्याच्या) तोंडावर असलेला पहाटे तीनला माळा आवरायला काढतो, नव्या धंद्याचे हिशेब मांडतो आणि दिवसभर दमत नाही. अशा दोन रात्री लागोपाठ गेल्या, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

जागरण हे नुसतं लक्षण नाही, त्यानेच मेनिया सुरू होऊ शकतो. म्हणून नवरात्रात सप्तशृंगी गडावर जायचंच असेल तर रात्रभर चालण्यापेक्षा सकाळची एसटी धरा. देवी रागवत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांत दर आठवड्याला पाळी बदलते, ते तर आणखी वाईट. कायम दिवसपाळी मिळावी म्हणून डॉक्टरांकडून पत्र मागायला लाजू नका.

नेटवर सापडणारा ‘अंथरुणातले तास कमी करा, झोप आपोआप लागेल’ हा उपाय साध्या निद्रानाशाला चालतो. इथे तो मेनियाला आमंत्रण ठरू शकतो; डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका. मावशीची झोपेची गोळी, रात्रीचा पेग, तेही नको. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. डॉक्टरांनी दिलेल्या रात्रीच्या गोळीने सकाळी डोकं जड राहत असेल तर ती परस्पर बंद न करता वेळ बदलता येईल का, ते विचारा.

लिथियम (बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायला देतात ते औषध) चालू असेल तर निर्जळी उपवास टाळा. जागरणाने डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी आणून घेऊ नका. दोन्हींमुळे रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं दिसलं तर थेट दवाखाना.

नैराश्यात उलटं होतं, बारा तास झोपूनही उठवत नाही. तेव्हा झोपायची वेळ सांभाळण्यापेक्षा उठायची वेळ धरून ठेवा, पडदा बाजूला सारा, गंगापूर रोडला एक चक्कर मारून या.

भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी झोपल्या-उठल्याची वेळ लिहा. डॉक्टरांना ‘झोप बरी आहे’ यापेक्षा ते पान जास्त सांगतं. मध्यरात्री बोलायला कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.