क्षेपणभूमीशेजारी राहणाऱ्यांनी तक्रार कशी करावी

मुंबईतील देवनार, कांजूरमार्ग किंवा २०१८ मध्ये बंद झालेल्या मुलुंडच्या क्षेपणभूमीच्या, म्हणजे शहराचा कचरा टाकण्याच्या जागेच्या, आसपास राहणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा ‘असह्य दुर्गंधी येते’ एवढ्यावरच थांबतात, आणि ‘फवारणी करण्यात आली आहे’ असे उत्तर देऊन त्या निकाली काढणे सोपे जाते. तक्रारीत नियमातील नेमकी अट आणि ती मोडल्याची नोंद असेल, तर उत्तर देणाऱ्याला निदान फाइल उघडावी लागते.

सुरुवात सोसायटीच्या कार्यालयात एक वही ठेवून करावी. नोंद अशी असावी: ‘रात्री ११.४०, वारा खाडीकडून, कुजक्या अंड्यासारखा वास, दोन घरांत डोळे चुरचुरले, सुमारे तासभर.’ हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. मात्र त्याचे प्रमाण फार वाढल्यास नाकाला तो जाणवेनासा होतो, आणि कचरा कुजताना निर्माण होणाऱ्या मिथेनला तर वासच नसतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नये. धूर दिसल्यास प्रथम महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवून तक्रार क्रमांक वहीत उतरवावा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. अशा धुरातील सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जातात, म्हणून दम्याच्या रुग्णांच्या दवाखान्यातील चिठ्ठ्यांच्या प्रती तारखेनुसार जपून ठेवाव्यात.

पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपणारे काळपट पाणी, म्हणजे लीचेट, नाल्यात उतरताना दिसले, तर जागेच्या खुणेसह छायाचित्र घ्यावे. त्यात अमोनिया, क्षार आणि जड धातू असू शकतात, त्यामुळे हात लावू नये. आपण बाटलीत भरून आणलेल्या पाण्यापेक्षा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने १९७४ च्या जल अधिनियमातील पद्धतीने घेतलेल्या नमुन्याला कायदेशीर वजन अधिक असते, म्हणून मंडळाला लेखी कळवून नमुना घेण्याचीच मागणी करावी. परिसरातील बोअरवेलचे पाणी पिण्यासाठी वापरले जात असेल, तर तेही तपासायला सांगावे.

आता नियमाकडे वळू. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी पुनर्वापर, प्रक्रिया वा ज्वलन होऊ न शकणारा निष्क्रिय कचराच भरावात (लँडफिलमध्ये) जावा, तळाशी ९० सेंटिमीटर मातीच्या थरावर १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीई या प्लास्टिकचे अस्तर असावे, लीचेट गोळा करून त्यावर प्रक्रिया व्हावी आणि मिथेनचे प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेतील ज्या किमान प्रमाणाला स्फोट होऊ शकतो त्याच्या) २५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशा अटी घातल्या. जागा बंद केल्यानंतरही १५ वर्षे देखभाल अपेक्षित आहे, त्यामुळे मुलुंडकरांनीही अहवाल मागण्यास संकोच करू नये. अर्थात १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारला अस्तराची अट मागाहून कशी लागू करणार, हा प्रश्न उरतोच. तेथे देखरेख आणि जुन्या कचऱ्याची विल्हेवाट यांवरच भर देणे शहाणपणाचे ठरते. अर्ज लिहिण्याआधी त्या दिवशी लागू असलेली नियमांची आवृत्ती मात्र पाहून घ्यावी.

यानंतर माहितीच्या अधिकारात मंडळाकडे आणि महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावेत. शुल्क १० रुपये असून महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत मांडायचा असतो. ‘काय कारवाई केली?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘कारवाई सुरू आहे’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या हवा, भूजल आणि लीचेट तपासणी अहवालांच्या साक्षांकित प्रती’ मागाव्यात. तपासणी मंडळाने क्षेपणभूमीला दिलेल्या मंजुरीपत्रातील अटींप्रमाणे झाली की नाही हे पडताळण्यासाठी त्या पत्राची प्रत वेगळ्या अर्जाने मागवावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते.

अहवालातील तारखा वहीतील नोंदींशेजारी ठेवून मंडळाला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे, ज्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे, जायचे ठरल्यास वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत मोजली जाते, त्यामुळे पत्रव्यवहार चालू असतानाच वकिलाचा सल्ला घेऊन ठेवावा.