समुद्राचा नकाशा ऑनलाइन बघताना या चुका टाळा

मुंबई साधारण 18.9 उत्तर, 72.8 पूर्व. हे आकडे उलटे पडले की बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सोच्याही वर जाऊन बसतो. पंचाईत अशी की तिथेही समुद्रच आहे. त्यामुळे एरर येत नाही, तापमानही मिळतं, आणि आपण ‘मुंबईजवळ पाणी इतकं गार कसं?’ म्हणून डोकं खाजवत बसतो. जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा फाइल प्रकार) रेखांश आधी लिहितात, लीफलेटमध्ये (वेबवर नकाशे दाखवणारी कोड-लायब्ररी) अक्षांश आधी. दोन्ही एकत्र वापरत असाल तर पहिला संशय इथेच घ्या.

पण सगळ्यात जास्त फसवतात ते ढग. जुलैत नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रह-चित्रांच्या साइटवर समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा, इन्फ्रारेड सेन्सरचा थर लावा. कोकणासमोर बहुतेक दिवशी पोकळीच दिसते. साइट बिघडली समजून लोक पान पुन्हा पुन्हा लोड करतात. बिघाड कसलाच नसतो. इन्फ्रारेडला ढगाखालचं पाणी दिसत नाही, एवढंच. मग आठ दिवसांचा किंवा महिन्याचा एकत्रित थर घ्या, नाहीतर मायक्रोवेव्हचा. मायक्रोवेव्ह ढगातून पार होतात (जोरदार पावसातून नाही), पण त्यांचा एकेक चौकोन साधारण 25 किलोमीटरचा, आणि किनाऱ्यालगत तोही रिकामाच राहतो.

रिकामी जागा नको म्हणून मग ‘एल-फोर’ (लेव्हल 4, म्हणजे पोकळ्या भरून काढलेला) थर निवडला जातो. एमयूआर (नासाचा असाच एक थर) सारख्या या थरात 1 किलोमीटरच्या जाळीवर रोज सगळा समुद्र भरलेला असतो. दिसायला देखणा! पण ढगाखालचा भाग आसपासच्या आणि आधीच्या मोजमापांवरून गणिताने भरलेला असतो. भर पावसाळ्यात रत्नागिरीसमोर दिसणारी ती बारीक नक्षी कुणी त्या दिवशी मोजलेली असेलच असं नाही. त्याच फाइलीत अंदाजातली चूक किती हे सांगणारा वेगळा थर असतो. तो उघडायचा कंटाळा करू नका. मला स्वतःला रिकामा नकाशा जास्त प्रामाणिक वाटतो.

क्लोरोफिलचा (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या हिरव्या रंगद्रव्याचा) थर लावला की ठाण्याची खाडी आणि खंबातचं आखात लालभडक दिसतं. ‘इथे मासळी भरपूर’ असा निष्कर्ष काढू नका. गढूळ पाण्यातला गाळ नेहमीच्या सूत्राला चकवतो आणि आकडा फुगतो. त्याच तारखेचं खऱ्या रंगातलं चित्र शेजारी लावा. पाणी तपकिरी असेल तर तो लाल रंग बाजूला ठेवा. शिवाय ही रंगपट्टी बहुधा लॉगरिदमिक असते: 0.1 ते 1 आणि 1 ते 10 यांना पट्टीवर सारखीच जागा. रंग थोडासा बदलला तरी आकडा कितीतरी पट बदललेला असू शकतो.

दोन महिन्यांची तुलना करताना पट्टीची किमान-कमाल स्वतः ठरवून द्या, समजा 24 ते 32 अंश. ‘ऑटो’वर सोडलं तर मे आणि जानेवारी दोन्ही तितकेच तापलेले दिसतील.

तापमान 300च्या आसपास दिसलं तर ते केल्विन आहे, 273.15 वजा करा. -32767 दिसलं तर तिथे माहितीच नाही. तो आकडा सरासरीत घुसला की सगळा हिशोब पाताळात. तारीख यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) असते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. रात्रीचं चित्र ‘कालचं’ की ‘आजचं’ यावर वाद घालण्याआधी साडेपाच तास मिळवून बघा.